वाफ आणि तुषार

कोणतीही नवी वस्तू कोणत्या नावाने घरात शिरते, यावर त्या घरात तिला कशी वागणूक मिळणार हे पुष्कळ अंशी ठरत असते. दम्याच्या व फुप्फुसाच्या जुनाट विकारांच्या रोग्यांना श्वासावाटे औषध देण्यासाठी नेब्युलायझर नावाचे जे यंत्र आज गावोगाव दिसते, त्याला आमच्या कडेगावाकडे ‘वाफेचे मशीन’ म्हणतात, आणि ते वापरण्याला ‘वाफ घेणे’. नाव सुटसुटीत आहे, जिभेवर सहज रुळणारे आहे. दोष एवढाच की, ते खोटे आहे. या यंत्रातून वाफ निघतच नाही. या एका खोट्या नावामुळे केवढा अनर्थ संभवतो, हे मला माझ्या स्वतःच्या घरी आणि माझ्याच चुकीने शिकावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कडेगाव हे जुन्या सातारा जिल्ह्यातील, १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात व १९६० पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मोडणारे गाव. मोहरमच्या उंच उंच ताबुतांमुळे आणि त्यांच्या भेटीच्या सोहळ्यात हिंदू व मुसलमान सारख्याच हौसेने भाग घेतात यामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. या गावी आमच्या जुन्या घरात माझ्या थोरल्या वहिनी राहतात. त्यांनी तंबाखूला उभ्या जन्मात हात लावला नाही. तथापि चाळीस वर्षे त्या चुलीपुढे बसल्या, शेणी, तुरकाट्या व उसाचे पाचट जाळून त्यांनी घराला जेवू घातले, आणि फुंकणीने विस्तव फुलविताना त्याचा धूर छातीत साठविला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे सविस्तर मांडले की, श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा जो सीओपीडी नावाचा रोग केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा समजला जात असे, तो विडी न ओढणाऱ्यांतही मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. हा निबंध मी वाचला, तेव्हा त्यातील प्रत्येक ओळीत मला वहिनींचे स्वयंपाकघर दिसत होते.

त्यांच्यासाठी हे यंत्र सांगलीहून मीच आणले, आणि ते कसे वापरावे हेही मीच, विद्वत्तेचा थोडा आव आणून, त्यांना समजावून दिले. पात्र कसे धुवावे असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, वाफेचेच भांडे ते. साध्या पाण्याने विसळून डबीत ठेवले की झाले.” त्यांनी माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकले नाही. रोज दोन वेळा औषध घ्यावयाचे, साठवणीच्या पाण्याने पात्र विसळावयाचे आणि धूळ बसू नये म्हणून ओले असतानाच स्टीलच्या डबीत घट्ट झाकून ठेवावयाचे, हा क्रम वर्षभर अखंड चालला. पुढच्या पावसाळ्यात त्यांना तीन वेळा ताप आला, कफाचा रंग पालटला, आणि तिसऱ्या वेळी तर त्यांना मिरजेला इस्पितळात ठेवावे लागले.

मिरजेचे नाव आमच्या भागात दुखण्याशी फार जुन्या काळापासून जोडले गेले आहे. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उभारले. तेव्हापासून सातारा, सांगली, कोल्हापूर येथील माणसे अवघड दुखण्यासाठी मिरजेची वाट धरीत आली आहेत. आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी वहिनींची छाती तपासली आणि मग अगदी अनपेक्षित प्रश्न केला : “औषध कोणते घेता ते कागदावर दिसते आहे. ते कशातून घेता, ते पाहू द्या.” दुसऱ्या दिवशी मी यंत्र नेले. त्यांनी पात्राचे झाकण उघडून आतील बाजूवरून बोट फिरविले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटाला बुळबुळीत, डोळ्यांना सहजी न दिसणारा थर लागला होता. मी म्हणालो, “पण वाफेत जंतू कसे टिकतील?” त्यांनी यंत्र चालू केले व म्हणाले, “सर, हात धरून पाहा. ही वाफ नव्हे. ही थंड आहे.”

तुषार खरोखरच थंड होते. वर्षभर ते यंत्र माझ्या घरात होते, आणि त्यावर हात धरून पाहण्याची बुद्धी एका पदवीधर प्राध्यापकाला झाली नव्हती! वहिनींच्या दुखण्याचे मूळ त्या पात्रातच होते, असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही. अशा जीर्ण फुप्फुसाला दुखण्याची निमित्ते पुष्कळ असतात. तथापि त्या थराकडे पाहिल्यावर माझे समाधान होणे शक्य नव्हते. या यंत्राचा इतिहास मी तेव्हापासून धुंडाळू लागलो, आणि माझी चूक ही माझ्या एकट्याची नसून शंभर वर्षांत मोठमोठ्या जाणत्यांनी केलेली चूक आहे, हे मला दिसून आले.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘नेब्युला’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ धुके अथवा ढग. आपल्या संस्कृतातील ‘नभस्’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे यंत्राच्या मूळ नावात वाफ नाही, धुके आहे. वाफ म्हणजे पाणी तापून वायुरूप होते ती. तिच्यात पाण्याचे कण सुटे सुटे होऊन जातात, आणि जंतू, क्षार वा औषध ही तळाशी मागे राहतात. तुषाराची गोष्ट निराळी. यंत्रातील पंप हवा दाबून एका सूक्ष्म छिद्रातून जोराने सोडतो. त्या झोताबरोबर पात्रातील द्रव वर ओढला जातो, फुटतो, आडव्या पडद्यावर आपटतो आणि त्याचे इतके बारीक थेंब होतात की, १ ते ५ मायक्रॉन आकाराचे थेंब श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या शाखांपर्यंत जाऊन पोचतात. हाच या यंत्राचा गुण. परंतु थेंब हा द्रवाचाच तुकडा. द्रवात जे असेल ते थेंबात असणार. पात्रात औषध असेल तर औषध जाईल, आणि पात्रात जंतू असतील तर तेही त्याच पालखीत बसून, नाकाघशाचे सारे पहारे चुकवून, थेट गाभाऱ्यात जाऊन बसतील.

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना आपल्याकडे अतिप्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचा विचार आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या ‘धूमनेत्र’ नावाच्या नळीची मापे रोग्याच्या बोटांनी चोवीस, बत्तीस व छत्तीस अंगुळे अशी, कार्यपरत्वे निरनिराळी दिली आहेत. दुरून येणारा, नळीच्या पेरांनी अडविलेला व बारीक झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही, हे त्या ग्रंथकाराचे निरीक्षण आजच्या श्वासयंत्रांच्या रचनाकारांनाही मान्य व्हावे असे आहे. सुश्रुताने धूमपानाच्या पाच प्रकारांत ‘कासघ्न’ म्हणजे खोकल्यावरील धूम वेगळा काढला आहे. धोत्र्याचा धूर दम्यावर ओढण्याची आपल्याकडील रीत मद्रासमधील इंग्रज डॉक्टर अँडरसन यांच्या नजरेस आली आणि १८०२ साली जनरल जेंट यांच्याबरोबर ती विलायतेस पोचली. पुढे जवळजवळ शतकभर युरोपातील दमेकरी धोत्र्याच्या विड्या ओढीत होते. परंतु धूर हा अग्नीतून येतो. वहिनींच्या चुलीच्या धुराने जे केले ते केलेच. पण निदान जंतूंचे ओझे तरी तो सोबत आणीत नाही.

उष्णतेचा हा आधार युरोपातही प्रारंभी कायम होता. प्लिमथचे डॉक्टर जॉन मज यांनी १७७८ साली खोकल्यावरील आपल्या पुस्तकात झाकणाच्या प्यूटर धातूच्या पेल्याला नळी लावून केलेले श्वासपात्र वर्णिले व त्याला ‘इनहेलर’ हे नाव दिले. त्यात ऊन पाण्याची वाफच हुंगावयाची असे. १८५८ साली पॅरिसमध्ये साल-झिराँ यांनी हातपंपाने द्रवाचे तुषार उडविणारे सुटसुटीत यंत्र पुढे आणले. औषधी झऱ्याचे पाणी रोग्याला झऱ्यापर्यंत न जाता घेता यावे, हा त्यांचा हेतू. वाफ आणि तुषार यांची फारकत येथून सुरू झाली. पण ती कोणाच्या ध्यानात आली नाही. १८६४ साली जर्मनीत झीग्ले यांनी स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून त्या वाफेच्या झोताने औषधाचे तुषार उडविणारे यंत्र केले; त्यात वाफही होती आणि तुषारही. ही सरमिसळ लोकांच्या मनात जी रुतली, ती कडेगावच्या ‘वाफेच्या मशिनी’पर्यंत टिकून आहे.

यानंतरचा प्रसंग मोठा उद्बोधक आहे. जखमांतील पू हा जंतूंमुळे होतो हे ओळखणारे थोर शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनी १८७१ च्या सुमारास याच जातीच्या तुषारयंत्राने शस्त्रक्रियेच्या खोलीत कार्बोलिक ॲसिड उडविण्यास आरंभ केला. हवेतील जंतू मारावे, हा उद्देश. जवळजवळ सोळा वर्षे हा प्रघात चालला. पण खरा धोका हवेत नसून हातात, हत्यारात व वस्त्रात आहे, हे जसजसे कळू लागले तसतसा तुषार मागे पडला, आणि १८९० साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत लिस्टर यांनी आपण ही शिफारस केली याची आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या सरळपणे आपली चूक कबूल करावी, ही गोष्ट माझ्यासारख्याला धीर देणारी आहे. परंतु हत्यार शुद्ध पाहिजे हा धडा शस्त्रवैद्यांनी गिरविला, श्वासौषध देणाऱ्यांनी नाही. पुढे रबरी फुग्याने दाबावयाची काचेची तुषारपात्रे आली, विजेचे पंप आले, १९५६ साली अमेरिकेत मोजून फवारा देणारा खिशातला इनहेलर आला. यंत्र सुधारत गेले, आणि पात्र धुण्याचा विषय क्षुल्लक समजून परिचारिकांवर सोडून देण्यात आला.

त्या क्षुल्लकपणाचा हिशेब १९६५ साली अमेरिकेत डॅलस येथे झाला. तेथील रायनार्झ, पिअर्स, मेझ व सँफर्ड या संशोधकांनी इस्पितळातील श्वासोपचाराची यंत्रे तपासली, तेव्हा तुषारपात्रांतील साठलेल्या द्रवात जंतूंची वस्ती झालेली आढळली, आणि यंत्र चालू असताना हे जंतू तुषारांबरोबर रोग्याकडे जात असल्याचेही सिद्ध झाले. ओलाव्यावरच जगणारे, अन्न नसले तरी तग धरणारे स्यूडोमोनास जातीचे जंतू अशा ठिकाणी विशेष फोफावतात. याच मंडळींनी सौम्य ॲसेटिक ॲसिडने, म्हणजे शिरक्यात जे आम्ल असते त्याने, यंत्रे शुद्ध करण्याचा क्रम लावला. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केले की, त्यानंतर शवपरीक्षेत सापडणाऱ्या फुप्फुस सडविणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण उतरले. औषध बदलले नव्हते, रोगी बदलले नव्हते. बदलले होते ते केवळ भांडी धुणे.

पाणी तरी निर्दोष आहे काय, या शंकेचे उत्तर १९९१ साली मिळाले. अमेरिकेतीलच एका इस्पितळात लीजनेअर रोग पसरला होता, आणि नळाच्या पाण्याने विसळलेल्या औषधाच्या तुषारपात्रांशी त्याचा संबंध असल्याचे शोधांती दिसून आले. नळाचे पाणी प्यावयास चालते, कारण पोटात ॲसिड आहे. फुप्फुसाच्या दारात तसा रखवालदार नाही. १९९६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी सिस्टिक फायब्रोसिस या रोगाच्या रोग्यांची घरगुती यंत्रे तपासली. पुष्कळ पात्रांत जंतू सापडले. मात्र जे लोक ऊन पाण्याने धुऊन पात्र नीट वाळवीत, त्यांच्याकडे ते फारसे नव्हते. शेवटी २०१४ साली अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनची मार्गदर्शिका निघाली. तीत घरी पाच मिनिटे उकळणे इत्यादी उपाय सांगितले आहेत, आणि गंमत अशी की, ज्या शिरक्याने डॅलसमध्ये कीर्ती मिळविली, तो घरगुती निर्जंतुकीकरणास पुरेसा नाही म्हणून वर्ज्य ठरविला आहे. शास्त्राचा मार्ग असाच असतो. कालचा विजय आजच्या कसोटीस उतरेलच असे नाही.

आपल्या प्रांताला मात्र हा धडा डॅलसच्या साठ वर्षे आधी, आणि फार कडू रीतीने, मिळाला होता. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, आणि परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा चालू झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी ही लस टोचलेल्या १०७ माणसांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला; त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे चौकशीत उघड झाले की, बाटली उघडतेवेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरता निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पण त्यांचे आयुष्य त्या पाच वर्षांनी होरपळून निघाले होते. लस निर्मळ होती, हेतू निर्मळ होता. मातीला लागलेल्या एका चिमट्याने एकोणीस जीव घेतले आणि एका शास्त्रज्ञाची अब्रू धुळीस मिळविली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

येथे वाचक म्हणतील की, आपल्या घरांत तर शुचितेचे केवढे अवडंबर! खरे आहे, पण ती शुचिता आणि ही निर्जंतुकता या भिन्न गोष्टी आहेत. सोवळ्यात स्पर्शाचा विचार आहे, पण तो ‘कोणाचा’ स्पर्श एवढाच. जंतुशास्त्रात स्पर्श ‘कशाचा’ हे पाहतात. पहिल्या विचाराने माणसे दूर लोटली गेली आणि जंतू मात्र घरातच राहिले. शिवाय ओलेत्याने पूजा करणारा आपल्या समजुतीप्रमाणे अधिक शुद्ध; उलट ओले पात्र हे जंतूंचे माहेरघर. औषध संपून यंत्र फुरफुरू लागते, तरी तळाशी साधारण एक मिलिलिटर द्रव उरतोच. तो उरलेला घोट, त्यावरचे विसळणीचे थेंब आणि घट्ट झाकलेली डबी! जंतूंसाठी याहून चांगली सोय करून ठेवणे कठीण. आणि ती मी स्वच्छतेच्या नावाखाली करविली होती.

याचा अर्थ आपल्या परंपरेत खरे ज्ञान नव्हते असा मात्र नाही. ते देवघरात नसून गोठ्याच्या व चुलीच्या बाजूला होते. दुधाचे भांडे कसे ठेवावे हे वहिनींना कोणी शिकवावे लागले नाही. आदल्या वेळचे दूध तळाशी राहता कामा नये, भांडे ऊन पाण्याने घासावे, उन्हात पालथे घालून खडखडीत वाळवावे आणि दूध तर उकळल्याखेरीज ठेवूच नये, हे सारे त्या पन्नास वर्षे करीत होत्या. कारण दूध नासते तेव्हा ते डोळ्यांना दिसते. मी जर त्यांना त्या दिवशी ‘हे दुधाचे भांडे समजा’ एवढे तीन-चार शब्द सांगितले असते, तर पुढचे काही सांगावे लागले नसते. मी ‘वाफेचे भांडे’ म्हणालो आणि त्यांचे स्वतःचे शहाणपण त्यांच्या हातून काढून घेतले. इंग्रजी शिकलेल्या माणसाचा शब्द घरात किती जड पडतो, याचा विचार आपण सुशिक्षितांनी अधिक करावयास हवा.

मिरजेच्या डॉक्टरांनी घालून दिलेला क्रम येथे सांगतो. कारण असे यंत्र आज अनेक वाचकांच्या घरी असेल. प्रथम हात साबणाने धुवावे. प्रत्येक वेळी औषध घेऊन झाले की तळचा उरलेला द्रव ओतून द्यावा, तो पुढच्या वेळेसाठी कधीही राखू नये. पात्र, मुखपट्टी अथवा तोंडात धरावयाची नळी हे भाग सुटे करून साबणाच्या ऊन पाण्याने धुवावे. मग, फुप्फुस अशक्त असेल तर रोज, पात्राचे भाग पाण्यात पुरते बुडवून पाच मिनिटे खळखळून उकळावे. मात्र सर्वच प्लॅस्टिक उकळणे सोसत नाही, म्हणून यंत्राबरोबरचे माहितीपत्रक आधी पाहावे. उकळल्यावर पुन्हा नळाच्या पाण्याने विसळले तर सारा खटाटोप फुकट. ते भाग झटकून स्वच्छ फडक्यावर, धूळ येणार नाही अशा जागी, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावे आणि वाळल्यावरच झाकावे. पंपापासून पात्रापर्यंतची लांब नळी पाण्यात घालू नये. तिच्यात ओल दिसल्यास यंत्र रिकामे चालवून वाऱ्याने ती सुकवावी. पंपाची गाळणी वेळेवर बदलावी. औषधात मिसळावयाचे ते केवळ औषधाच्या दुकानातील निर्जंतुक सलाईन. घरी केलेले मिठाचे पाणी नव्हे. आणि एकाचे पात्र दुसऱ्याने वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

हे सारे सांगावयास सोपे आहे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आमच्या अवर्षणग्रस्त भागात उचलून आणले, त्यापूर्वीचे दिवस ज्यांनी काढले, त्या पिढीला एका लहानशा कपासाठी पातेलेभर पाणी उकळून ओतून देणे जिवावर येते. मी हे क्रमवार कागदावर लिहून वहिनींपुढे ठेवले आणि माझी चूकही त्यांना सांगितली. त्यांनी कागद बाजूला सारला व म्हणाल्या, “भावोजी, एवढं कशाला लिहिलंत? दुधाच्या भांड्यागतच की हे.” ती उपमा मला इतके ग्रंथ चाळल्यावर सुचली होती, त्यांना ती ऐकताक्षणीच सुचली.

आता त्यांच्या ओट्यावर एक लहान पातेले फक्त या कामासाठी वेगळे ठेवलेले असते. उकळून झाले की ते पाणी त्या निववून तुळशीला घालतात. त्यांचे फुप्फुस पूर्ववत होणार नाही. चाळीस वर्षांचा धूर उकळून निघत नाही. थंडीत त्यांना अजून धाप लागते, आणि गेल्या पावसाळ्यात एकदा तापही येऊन गेला. परंतु मिरजेला राहावे लागले नाही. गावात अजून त्याला ‘वाफेचे मशीन’च म्हणतात, आणि ते नाव बदलेल अशी मला आशा नाही. शेजारची एखादी बाई आपल्या सासूसाठी आणलेले यंत्र दाखवावयास येते, तेव्हा वहिनी मात्र आधी ते चालू करावयास लावतात आणि तिचा हात त्या थंड तुषारावर धरतात.